गावात बर्फ नव्हता

मंदाकिनी गेल्याचं कळलं त्या दुपारी दिवाकर लांजेवार आपल्या चष्म्याच्या दुकानात होते. एका म्हाताऱ्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट बसवून त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होते. तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला. पलीकडच्या मुलीनं नाव विचारलं, नातं विचारलं आणि लवकर या म्हणाली. ज्या आवाजात म्हणाली त्यातच सगळं आलं. दिवाकरराव तसेच उठले. म्हातारा ती चौकट नाकावर घेऊनच दारापर्यंत आला आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिला.

करंजघाट हे वर्धा नदीच्या काठचं, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातलं गाव. ऊन तिथं नवं नव्हतं. पण त्या मे महिन्यात पारा पन्नाशीच्या घरात जाऊन बसला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता. मंदाकिनी भाचीच्या हळदीसाठी ब्लाऊजपीस आणायला बाजारात गेली होती. ऑटोची वाट पाहत चौकात उभी असताना ती कोसळली.

रुग्णालयात तिला चाकांच्या खाटेवर ठेवलं होतं. दिवाकररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो केसांना चिकटला. केस ताठ झाले होते, नारिंगी रंगाचे. आधी त्यांना वाटलं रक्तच आहे. मग वास आला. संत्र्याच्या शीतपेयाचा, गोड, लग्नाच्या पंगतीत येतो तसा.

डॉक्टर वैरागडे म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी खाली मान घालून सांगितलं की आणलं तेव्हाच उशीर झाला होता. उष्माघात झाला की अंगातलं तापमान इतकं चढतं की मेंदू, यकृत, मूत्रपिंड आतल्या आत शिजायला लागतात. औषध एकच, शरीर लवकरात लवकर गार करणं. अर्ध्या तासाच्या आत झालं तर बहुतेक माणसं वाचतात.

"मग केलं का नाही गार?" दिवाकररावांनी विचारलं.

"काका, बाटली पटकन गार करायची असली तर काय करायचो आपण? बर्फाच्या पाण्यात बुडवून फिरवायचो. माणसाचंही तेच आहे. टबात बर्फाचं पाणी, त्यात माणूस, आणि पाणी ढवळत राहायचं. याहून लवकर गार करणारं काही नाही. पण बर्फ कुठून आणू? गावात बर्फ नाही."

मे महिना, गाव पेटलेलं, आणि गावात बर्फ नाही. दिवाकररावांना हे तेव्हा नीट ऐकूच आलं नाही. घरी आणल्यावर बायकांनी मंदाकिनीला न्हाऊ घातलं. कळशीमागून कळशी ओतली तरी केसांतला चिकटपणा जाईना. चितेवर ठेवलं तेव्हाही तिच्या कपाळापाशी मुंग्या फिरत होत्या. त्या मुंग्या पाहिल्या आणि मग त्यांना ते वाक्य ऐकू आलं.

गावात बर्फ का नव्हता, हे सांगायचं तर टिचकीपासून सुरुवात करावी लागेल.

टिचकी हे यंत्राचं नाव. चूल फुंकायला लागेल एवढ्या वेळात गरम बाटली बर्फासारखी गार करणारं. ते बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत दिवाकररावांचा एकुलता मुलगा तन्मय नोकरीला होता. नोकरी लागली त्या दिवाळीत तो घरी आला आणि आईनं विचारलं, तुमच्या त्या डब्यात असतं तरी काय? तन्मयनं दुकानातलं एक रुंद रबर आणलं. ते झटकन ताणून तिच्या ओठाला लावलं. रबर कोमट लागलं. मग तसंच ताणून थोडा वेळ धरलं, सैल सोडलं आणि पुन्हा ओठाला लावलं. आता ते गार लागलं. बस, एवढंच, तो म्हणाला. काही धातूंच्या तारा अशाच असतात, फक्त रबराहून कितीतरी पटीनं. ताणल्या की तापतात. ती उष्णता पंख्यानं मागच्या बाजूला उडवून द्यायची. मग तार सोडली की ती आधीपेक्षा गार होते आणि शेजारच्या बाटलीतली उष्णता ओढून घेते. पुन्हा ताणायची, पुन्हा सोडायची, क्षणाक्षणाला. ना गॅस, ना कॉम्प्रेसर.

आणि बाटली गरगर फिरवायची, हे दुसरं. कारण नुसती गार जागेत ठेवलेली बाटली कडेनं गार होते, मधलं पेय गरमच राहतं, आणि ते कडेपर्यंत यायला वेळ लागतो. फ्रीजमध्ये तासभर थांबावं लागतं ते त्यासाठीच. फिरवली की मधलं कडेला येतं आणि कडेचं मध्ये जातं.

मंदाकिनीला हे फार आवडलं. ती दिवाळीभर शेजारणींच्या ओठांना रबर लावत फिरली. माझ्या पोरानं केलं म्हणायची. तन्मय ओरडायचा की अगं मी एकट्यानं नाही, शंभर माणसं आहेत. ती म्हणायची, असू देत, त्या शंभरांच्या आया सांगतील त्यांच्या पोरांचं.

पुढं जे झालं ते इतकं सरळ होतं की कोणाला खटकलंच नाही. बाटली मागितल्याबरोबर गार होते म्हटल्यावर ती आधीपासून गार करून ठेवायची कशाला? दुकानदारांनी फ्रीज भंगारात काढले. पेयाच्या बाटल्या रॉकेलच्या डब्यांसारख्या उन्हात रचून ठेवायला लागले. गिऱ्हाईक आलं की टिचकीत घातली. फ्रीज रात्रंदिवस वीज खातो, टिचकी कामापुरती खाते, म्हणून सरकारनंही पाठ थोपटली. जाहिराती आल्या, बक्षिसं आली. घरोघरी लहान टिचक्या आल्या आणि घरचे नवे फ्रीज आले ते बर्फाच्या कप्प्याशिवायचे. नदीकाठचा बर्फाचा कारखाना आधी एक पाळी चालला, मग लग्नसराईपुरता, मग तिथं टाइल्सचं गोदाम झालं. रसवंतीवाले, मासळीवाले, सगळे टिचकीवर गेले. गावात कोणालाही कधीही काहीही गार मिळत होतं, आणि गावात गार असं काहीच साठवलेलं नव्हतं.

साठा म्हणजे जुनाट गोष्ट, असं कंपनीचे लोक म्हणायचे. त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. त्यांना बाटल्या विकायच्या होत्या.

तेरवी होण्याआधीच दिवाकरराव त्या चौकात गेले. तिथं शकुनबाई मेश्राम यांची टपरी होती. पान, बिस्किटं, टिचकी. बाई त्यांना पाहताच उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि रडायलाच लागल्या. दिवाकरराव म्हणाले, रडू नका बाई, मला फक्त काय झालं ते सांगा.

शकुनबाईंनी सांगितलं. बाई पडल्या तशा त्या धावल्या. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. नळाला पाणी होतं, पण टाकी छपरावर, पाणी उकळलेलं. त्यांनी बादलीभर घेतलं, त्यातली कळशी टिचकीच्या तोंडाशी धरली, जमेना. मग घरची पाण्याची बाटली रिकामी करून, नळाचं पाणी भरून टिचकीत घातली.

"तर मशीन काय बोलते जी," शकुनबाई म्हणाल्या, "ही बाटली आपली नाही. कृपया टिचकीची बाटली ठेवा. अशी गोड बोलते, जशी का सून. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. मी हात मारला तिला. मारून काय होते?"

टिचकीच्या पाण्याच्या बाटल्या सकाळीच संपल्या होत्या. त्या उन्हात पाण्याची बाटली कोण ठेवतो शिल्लक? राहिलं होतं संत्र्याचं. शकुनबाईंनी एकेक बाटली गार केली, दातानं झाकण उघडलं आणि बाईंच्या डोक्यावर, मानेवर ओतली. एकजण ओरडायला लागला की तापलेल्या अंगावर गार ओतू नका, सर्द-गरम होईल. शकुनबाई त्याला म्हणाल्या की तू बाजूला हो, नाहीतर तुझ्याच अंगावर ओततो. बाईंनी एकदा डोळे उघडले होते. कोणीतरी रुमालानं वारा घालत होतं. मग टिचकी स्वतःच इतकी तापली की थांबली आणि त्याच गोड आवाजात म्हणाली, यंत्र विश्रांती घेत आहे. तोवर रुग्णवाहिका आली.

दिवाकरराव टपरीच्या मागं गेले. यंत्राच्या पाठीतून गरम वारा भसाभस बाहेर पडत होता. मंदाकिनी जिथं ऑटोची वाट पाहत उभी होती ती जागा नेमकी त्या वाऱ्याच्या तोंडाशी होती. तिथं एवढुशी सावली होती, म्हणून उभी राहिली असेल.

तन्मय पुण्याहून आला होता. तो दिवसभर कामं करायचा आणि कोणाकडे बघायचा नाही. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, दिवाकररावांनी त्याला समोर बसवलं. शकुनबाईंनी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. मग विचारलं, यंत्र दुसरी बाटली का घेत नाही?

तन्मयनं सांगितलं की प्रत्येक बाटलीच्या बुडात एक खूण असते, ती वाचल्याशिवाय तारा हलत नाहीत. भलतीच बाटली घातली तर ती फुटू शकते, काचा उडू शकतात, कोणाचा हात जाऊ शकतो. सुरक्षिततेसाठी आहे ते.

"यंत्र दुकानदाराला फुकट देता ना तुम्ही?"

"हो."

"मग कमाई बाटल्यांवर?"

तन्मयनं मान डोलावली.

"म्हणजे काचांसाठी नाही ते कुलूप."

"दोन्हीसाठी आहे, बाबा."

दिवाकररावांनी आयुष्यभर लोकांना नंबरचे चष्मे बनवून दिले होते. कोणी बाहेरची चौकट आणली तरी तिच्यात भिंगं बसवून दिली होती. आमच्याच दुकानातली चौकट असेल तरच तुला दिसेल, असं त्यांनी कधी कोणाला म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, मला हिशेबानं सांग. तुझ्या आईला वाचवायला जेवढी थंडी लागत होती तेवढी त्या यंत्रात होती की नव्हती?

तन्मयनं तोंडातल्या तोंडात आकडे केले. तो हुशार मुलगा होता, त्याला कागद लागत नसे. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांश पाणीच, तो म्हणाला. त्यातलं तीन-चार अंश तापमान उतरवायला दोन-अडीच डझन बाटल्यांइतकं काम पुरलं असतं. यंत्र ते काम एका दुपारीत कितीतरी वेळा करतं. पाणी मोकळं सोडता आलं असतं तर मध्ये विश्रांती घ्यावी लागली तरी वेळेत झालं असतं.

"म्हणजे होती."

"होती."

"आणि कुलूप कोणी केलं?"

तन्मयनं पहिल्यांदा वडिलांकडे पाहिलं. "आमच्या गटानं," तो म्हणाला.

दिवाकरराव उठून आत गेले. त्यांना मुलावर हात उगारावासा वाटला, आणि त्याच क्षणी त्याला कुशीत घ्यावंसंही वाटलं. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी तन्मय पुण्याला गेला तेव्हा ते दुकानात होते. त्यानंतर फोनवर बोलणं झालं ते जेवलात का, जेवलो, एवढंच.

हिवाळा सरता सरता कंपनीतून एक गृहस्थ आले. नाव कारखानीस. बोलणं मऊ, शर्टाची घडी न मोडलेली. सोबत मंदाकिनीचा धाकटा भाऊ होता, त्याला आधीच गाठून आणलेलं. कारखानीस म्हणाले, काका, झालं ते फार वाईट झालं, कंपनी तुमच्या दुःखात आहे. उन्हाचा जिथं जिथं कहर झाला त्या गावांत कंपनी पाणपोया उघडणार आहे. पाणी फुकट. माणसानं बाटली ठेवायची, यंत्र ती भरून गार करून देणार. पहिली पाणपोई करंजघाटच्या चौकात, वहिनींच्या नावानं. संगमरवरी पाटी, मंदाकिनी दिवाकर लांजेवार स्मृती पाणपोई. अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला आहे, त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याचा घडा देतातच.

मेहुणा भारावून गेला होता. ताईच्या नावानं गाव पाणी पिईल म्हणाला. याहून मोठं पुण्य कोणतं?

दिवाकररावांनी विचारलं, बाटली कोणती ठेवायची?

टिचकीची, कारखानीस म्हणाले. रिकामी असली तरी चालेल, पुन्हा भरता येईल. पर्यावरणाच्या दृष्टीनंही ते चांगलं.

तेव्हा दिवाकरराव जे बोलले ते मेहुण्यानं पुढं कितीतरी जणांना सांगितलं, आधी तक्रार म्हणून आणि नंतर वेगळ्याच सुरात. दिवाकरराव म्हणाले की आमच्या लहानपणी बसस्थानकाजवळ पाणपोई असायची. रांजणाला ओलं पोतं, तोंडावर फडकं, आणि म्हातारा ओगराळ्यानं पाणी घालायचा. कोणी तांब्या आणायचा, कोणी डबा, कोणी चपलीसकट यायचा. ज्याच्याकडे काहीच नसे तो खाली वाकून ओंजळ धरायचा. म्हातारा ओंजळीत धार सोडायचा. तू कुठला, तुझं भांडं कुठल्या दुकानातलं, असं त्यानं विचारलं असतं तर लोकांनी रांजणासकट त्याला उचलून नदीत टाकलं असतं.

"पाणपोईला कुलूप असतं का हो, कारखानीस?"

कारखानीस हसले. दिवाकरराव हसले नाहीत. त्यांनी अट घातली. नाव द्यायचं असेल तर कुलूप काढा. बादली, टब, ओंजळ, जे येईल ते भरू द्या. उन्हानं माणूस पडला तर त्याच्या अंगावर गार पाणी सोडता आलं पाहिजे, एवढं मोठं तोंड करा त्याला. माझा मुलगा म्हणतो करता येतं.

तांत्रिकदृष्ट्या काहीही करता येतं, कारखानीस म्हणाले. पण माणसाच्या अंगावर वापरायचं म्हणजे ते वैद्यकीय उपकरण झालं, त्याच्या परवानग्या वेगळ्या, जबाबदारी वेगळी. उद्या एखाद्याला सर्दी-पडसं झालं तर? शिवाय एका ठिकाणी उघडलं की सगळीकडे उघडा म्हणतील.

"तेच म्हणतोय मी," दिवाकरराव म्हणाले.

मग चहा न घेताच कारखानीस उठले. जाताना म्हणाले की तुमच्या भावना वरपर्यंत पोचवतो. भावना पोचल्या असतील. अक्षय तृतीयेच्या आधी छापील पत्रिका आली, मंदाकिनीच्या फोटोसकट. संमती मेहुण्यानं दिली होती. जागा नगरपालिकेची होती, यंत्र कंपनीचं होतं, आणि नाव तेवढं दिवाकररावांच्या बायकोचं होतं. पण ते मागायला कोणी पुन्हा आलं नाही.

त्या सकाळी दिवाकरराव जाणार नव्हते. मग वाटलं, तिचं नाव तिथं लावणार आणि आपण घरात बसून राहायचं? त्यांनी मंदाकिनीनं शिवलेला पांढरा सदरा घातला आणि चालत निघाले.

चौकात मांडव होता, खुर्च्या होत्या, मंचावर आमदार होते. तन्मयही होता. यंत्र बसवायला कंपनीनं त्यालाच पाठवलं होतं. आईच्या नावाचं आहे, तूच बसव, असं म्हणून. तो वडिलांना पाहून पुढं आला. दिवाकररावांनी त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि पुढं गेले.

पाटीवरचा पडदा ओढला. टाळ्या झाल्या. कारखानीस माईकवर म्हणाले की पहिलं पाणी काका घेतील, आणि एक रिकामी टिचकीची बाटली दिवाकररावांच्या हातात दिली. सगळे कॅमेरे वळले.

दिवाकररावांनी बाटली खुर्चीवर ठेवली. यंत्राजवळ गेले, कमरेत वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ नळीखाली धरली.

"ही बाटली आपली नाही," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "कृपया टिचकीची बाटली ठेवा."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. मग ते हसू विझलं, कारण दिवाकरराव हलले नाहीत. वर मंदाकिनीचं नाव कोरलेलं, खाली तिचा नवरा ओंजळ धरून वाकलेला. यंत्रानं पुन्हा तेच सांगितलं. कारखानीस जवळ येऊन हळूच म्हणाले, काका, बाटली ठेवा ना, लोक बघताहेत. दिवाकररावांनी मान वर केली नाही. ऊन चढत होतं. यंत्र ठरावीक वेळानं तेच वाक्य म्हणत होतं. मांडवात पहिल्यांदा शकुनबाईंचा हुंदका ऐकू आला, मग एकेक माणूस उठून उभा राहिला. आमदारांनी घड्याळाकडे पाहिलं. आता काय करायचं, हे मंचावर कोणाला कळत नव्हतं.

दिवाकररावांची पाठ दुखायला लागली होती, पण सरळ व्हायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. यापुढं काय, याचा त्यांनी काहीच विचार केला नव्हता. एवढंच कळत होतं की हे यंत्र आज जे त्यांना सांगत होतं तेच त्या दुपारी तिला सांगत होतं, आणि तेव्हा ऐकायला कॅमेरे नव्हते.

यंत्राच्या मागची झाकणी उघडल्याचा आवाज झाला. तन्मय मंचावरून उतरून मागं गेला होता. कारखानीस त्याला म्हणाले, लांजेवार, काय करताय, बंद करा ते. तन्मयनं हात आणखी आत घातला. आत काहीतरी उपसलं गेलं. बाटलीची खूण वाचणारी पट्टी त्यानं तारांसकट बाहेर काढली, खिशात घातली आणि दुसऱ्याच दोन तारा जोडल्या.

ओंजळीत पाणी पडलं. इतकं गार की बोटं कळवळली. दिवाकरराव ते प्याले नाहीत. त्यांनी ते पाणी संगमरवरी पाटीवर, तिच्या नावावर सोडलं आणि बाजूला झाले. मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. डबे आले, कळशा आल्या, एकानं हेल्मेट आणलं. शकुनबाईंनी बादली लावली आणि ती भरेपर्यंत कोणाला पुढं येऊ दिलं नाही.

संध्याकाळी तन्मय घरी आला. जेवताना म्हणाला की नोकरी जाईल बहुतेक.

"खटला पण करतील?" दिवाकररावांनी विचारलं.

"करू शकतात."

"वरण घे," दिवाकरराव म्हणाले.

दोन दिवसांत कंपनीची गाडी आली आणि यंत्र उचलून घेऊन गेली. यंत्रात छेडछाड झाल्यामुळे ते असुरक्षित आहे, असं त्यांनी नगरपालिकेला कळवलं. पाटी भिंतीत पक्की बसवलेली, ती निघाली नाही. कंपनीनं मग वर्तमानपत्रांत छापून आणलं की करंजघाटच्या मृत्यूशी यंत्राचा काहीही संबंध नाही, उलट आमच्याच थंड पेयानं प्रथमोपचार झाले. हे वाचलं त्या दिवशी दिवाकररावांनी दुकान उघडलं नाही. संत्र्याच्या पेयाला प्रथमोपचार म्हणणारा माणूस त्यांना समोर हवा होता, म्हणजे मुंग्या कुठं कुठं होत्या हे त्यांनी त्याला बोटानं दाखवलं असतं.

तन्मय आता करंजघाटलाच असतो. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यानं तारांची एक रुंद चादर विणली आहे. वर साधं पाणी सोडलं की खालून गार पाणी टबात पडतं, आणि टबातलं पाणी एक लहान पंप ढवळत राहतो. डॉक्टर वैरागडे येऊन पाहून गेल्या. त्यांनी स्वतःचा हात कोपरापर्यंत त्या पाण्यात बुडवला, किती वेळ धरता येतो ते पाहिलं आणि म्हणाल्या की हे मला माझ्या वॉर्डात हवं आहे. पण तारांचं पेटंट कंपनीचं आहे, आणि कंपनी म्हणते की तिच्या लेखी मंजुरीशिवाय ही चादर कुठंही वापरता येणार नाही. डॉक्टर म्हणाल्या की मंजुरी असो नसो, पेशंट पडला तर मी वापरेन. तरी त्यांनी परवानगीसाठी वरच्या कचेरीला लिहिलं आहे, तिथून अजून उत्तर आलेलं नाही.

शकुनबाईंनी टिचकी परत केली. त्या आता टपरीत मातीचे माठ ठेवतात आणि येईल त्याच्या भांड्यात पाणी घालतात. ते गार असतं, पण उन्हानं पडलेल्या माणसाला पुरेल इतकं नाही, आणि हे त्या स्वतःच सांगतात.

दिवाकररावांनी जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. उष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी प्रत्येक यंत्राचं कुलूप उघडं ठेवावं, एवढंच त्यात म्हटलं आहे. सुनावणी दोनदा लागली आणि दोनदा पुढं गेली. दोन्ही वेळा कंपनीचे वकील गार गाडीतून उतरले आणि गार गाडीत बसून गेले. बाप-लेक बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले. तन्मयनं तिथं एकदा विचारलं की बाबा, तुम्ही मला कधी माफ कराल का? दिवाकरराव म्हणाले की आधी बाकीची उघड.

यंदाचा मे लागला आहे. करंजघाटमधली बाकीची यंत्रं अजून उघडायची राहिली आहेत.